घरचं सोयाबीन उगवत नाही? जूनमधला दोष ऑक्टोबरात शोधा

मृगाचा पाऊस पडून पेरण्या आटोपल्या, की सहाव्या-सातव्या दिवशी आमच्या यवतमाळकडच्या गावांत सकाळी एकच प्रश्न ऐकू येतो. "निंघालं का जी सोयाबीन?" ज्याचं निघालं तो टपरीवर सगळ्यांना चहा पाजतो. ज्याचं नाही निघालं तो धुऱ्याजवळ उकिडवा बसून बोटानं तास, म्हणजे पेरलेली ओळ, उकरत असतो. बियाणं घरचं असलं तर भांडायला दुकानदारही सापडत नाही. मग पाऊस कमी झाला, पेरणाऱ्यानं तिफन खोल दाबली, औषध जास्त चोळलं गेलं, पोत्याला ओल लागली, अशी कारणं निघतात. पुढच्या वर्षी पोतं बदलतं, औषध बदलतं आणि सातव्या दिवशी माणूस पुन्हा तास उकरायला बसतो.

मी स्वतः तीन वेळा असा बसलोय. तिसऱ्या वेळी पाचपैकी तीन एकर मोडून दुबार पेरलं. त्या वर्षी त्या तीन एकरांतलं सोयाबीन दसऱ्याला हिरवंच उभं होतं आणि शेजाऱ्याचं घरात आलं होतं. तेव्हा कुठं डोक्यात शिरलं की मी जे जूनमध्ये शोधत होतो, ते आदल्या ऑक्टोबरातच हातचं गेलं होतं. आता गावातली पोरं बियाण्याच्या तक्रारी घेऊन माझ्याकडं येतात, मी कृषी सहायक असल्यासारखी. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आधी मेलेला दाणा पाहा

तासात जिथं काही निघालं नाही अशा आठ-दहा ठिकाणी हलक्या हातानं माती बाजूला करा, दाणे वेचा आणि तळहातावर ठेवून नीट पाहा. शंभरातले नव्वद लोक इथंच चुकतात. नांगी, म्हणजे तासात रिकामी जागा, पडलेली पाहिली, की दाणा न बघताच दुकानात पळतात.

दाणा पेरला तसाच कडक, कोरडा असेल तर बियाण्याला नावं ठेवू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरलं, एवढाच त्याचा अर्थ. वरच्या मातीला ओल नाही, दाणा वाट पाहतोय. पाऊस आला की निघेल. वखर घालायची घाई करू नका.

दाणा फुगलाय, साल सुटून गोळा झालीय, दोन डाळी अलग पडल्यात आणि मुळाच्या जागी काहीच नाही, किंवा तपकिरी खुंट आहे, तर तो दाणा मळणीच्या मशीननं मारलाय. पेरला त्या दिवशीच तो मेलेला होता, फक्त दिसत नव्हतं. असाच एक प्रकार जमिनीच्या वर दिसतो. कोंब बाहेर येतो, पण एक डाळ तुटलेली, मान वाकडी आणि मधला शेंडाच गायब. लोक म्हणतात पाखरांनी खाल्लं. पाखरं खातातच, पण रांगच्या रांग मुकी निघाली तर आधी मशीनकडं बोट दाखवा. मात्र पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वर ऊन पडलं असेल, तर काळ्या जमिनीवर पापडी धरते आणि तिच्याखाली अडकलेल्या चांगल्या कोंबाचीही मान अशीच मोडते. पापडी बोटानं उचलून पाहिली, की फरक कळतो.

दाणा लिबलिबीत, पांढऱ्या-करड्या बुरशीनं वेढलेला आणि कुबट वासाचा असेल, तर तो बहुधा उभ्या पिकात भिजलेला किंवा गंजीत, म्हणजे कापलेल्या पिकाच्या ढिगात, तापलेला माल आहे.

आणि उगवण मागंपुढं असेल, म्हणजे काही रोपं सहाव्या दिवशी, काही दहाव्या-बाराव्या दिवशी, तीही पिवळसर आणि लेचीपेची, तर बियाणं म्हातारं झालंय. हे काम उन्हाळ्यातल्या साठवणीचं.

एकाच वावरात यातले दोन-तीन प्रकार मिसळून सापडतात. त्यामुळं दाणा पाहून संशय कुणावर घ्यायचा ते कळतं, पण गुन्हा शाबीत करायला पुढची युक्ती लागते.

चार पुड्या

घरच्या बियाण्याची उगवण आपण एकदाच तपासतो, मे महिन्याच्या शेवटी. साठ टक्के आली की कपाळाला हात. पण त्या साठच्या आकड्यातून चाळीस दाणे कुठं मेले हे कळत नाही. म्हणून मी आता चार वेळा चिमूटभर दाणे काढून पुड्या बांधतो आणि प्रत्येक पुडी त्या त्या वेळीच तपासतो.

पहिली पुडी सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, दिवशी. उभ्या झाडांच्या वाळलेल्या शेंगा हातानं सोलायच्या आणि शंभर दाणे घ्यायचे. दुसरी पुडी हडंबा, म्हणजे मळणीचं मशीन, लागायच्या सकाळी, गंजीच्या पोटातल्या शेंगा हातानं सोलून. तिसरी मशीनच्या तोंडातून पडलेल्या मालातली, साफ करून. चौथी मे महिन्याच्या शेवटी पोत्यातून, वरचे दाणे नकोत, पोत्याच्या मध्यातले.

आता हिशोब सोपा आहे. पहिली पुडी ९० आणि दुसरी ७५, तर पंधरा दाणे गंजीनं खाल्ले. दुसरी ८८ आणि तिसरी ६५, तर हडंब्यानं. तिसरी ८५ आणि चौथी ६०, तर तुमच्या कोठारानं. पहिलीच ६५ असेल तर त्या वावरातून बियाणं धरायचा नाद सोडा, माल बाजारात न्या. उरलेल्या तीन पुड्यांचे कष्टही वाचतात.

तपासायची रीत सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो, कारण चुका इथंच होतात. स्वच्छ गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळा, त्यावर दहा-दहाच्या दहा रांगांत शंभर दाणे ठेवा. दोन दाण्यांत बोटभर अंतर हवं. वर दुसरा ओला तुकडा टाकून अलगद गुंडाळी करा, दोन्हीकडून सैल बांधा आणि सावलीत ठेवा. ओल टिकेल एवढंच पाणी शिंपडा, गुंडाळी पाण्यात बुडवू नका. सहा-सात दिवसांनी उघडा. मोजताना लोक स्वतःशीच लबाडी करतात. जरा टोक बाहेर आलं की "निंघालं" म्हणून धरतात. सरळ, लांब मूळ आणि दोन्ही डाळी धड असलेलीच रोपं मोजायची. मुळाचं खुंट, फुटकी डाळ, कुजका शेंडा हे गोणपाटात जिवंत दिसतात, वावरात पापडी फोडून वर येत नाहीत. पुडी कोणत्याही टप्प्याची असो, दाणे निवडून घेऊ नका. चांगले दाणे वेचून केलेली तपासणी म्हणजे देखणी पोरगी दाखवून धाकटी देण्यासारखं आहे.

स्वतःवर भरवसा नसेल तर नागपूरला सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा आहे. तिथं नमुना देता येतो, पण जून उजाडायची वाट पाहू नका. तेव्हा सगळं जग तिथं उभं असतं.

सोयाबीनच का दगा देतं?

गहू पेरताना ही कटकट नाही, हरभऱ्याला नाही. प्रमाणित बियाण्याचे नियमच बघा. गव्हाला आणि हरभऱ्याला किमान ८५ टक्के उगवण लागते, धानाला ८०, सोयाबीनला मात्र ७० वर पास. नियम करणाऱ्यांनाही या पिकाचा स्वभाव ठाऊक आहे.

दाणा दोन बोटांत धरून पाहा. दाण्याच्या डोळ्याच्या, म्हणजे तो शेंगेला जोडलेला असतो त्या खुणेच्या, अगदी शेजारी, सालीखाली, बारीक उंचवटा दिसतो. तेच उद्याचं मूळ. हरभऱ्याची साल जाड असते. इथं मुळावर कागदासारखी पातळ साल, बाकी काही आडोसा नाही. त्या जागी टोला बसला की दाणा वरून धडधाकट दिसतो आणि आत मुळाचा निकाल लागलेला असतो. शिवाय दाण्यात सुमारे २० टक्के तेल. ओल आणि उष्णता मिळाली की ते खवट होत जातं आणि त्याबरोबर कोंबाचा जीवही जातो. पातळ सालीमुळं हवेतला दमट-कोरडेपणा दाणा भराभर ओढतो आणि सोडतो. म्हणून चणा जे सोसतो ते सोयाबीन सोसत नाही.

उभ्या पिकावरचा पाऊस

शेंगा पिवळ्या-तांबूस पडल्या, पानं गळली, त्या दिवशी बियाण्याची ताकद शिखरावर असते. त्यानंतर ते वावरात उभं आहे तो प्रत्येक दिवस खर्चाचा. आपल्याकडं परतीचा पाऊस नेमका तेव्हा येतो. शेंग भिजली की दाणा फुगतो, ऊन पडलं की आकसतो. दोन-तीनदा असं झालं की साल सुरकुततं, तडकतं, आणि त्या तडीतून बुरशी आत जाते. जांभळट डाग पडलेले किंवा पांढुरके, खडूसारखे दाणे दिसले तर समजा बुरशी घरात आली. पाऊस चार-पाच दिवस लागून राहिला तर शेंगेतच कोंब फुटतात. ते सगळ्यांना दिसतं. पण ज्या शेंगेत कोंब फुटला नाही, तीही त्याच पावसात भिजलेली असते, हे लोक विसरतात.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राज्यभर हेच झालं. काढणीला आलेलं सोयाबीन पावसात सापडलं आणि २०२० च्या खरिपात न उगवल्याच्या तक्रारींचा महापूर आला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. दोषी कोण यावर खूप बोललं गेलं. माझं म्हणणं एवढंच, की त्या ऑक्टोबरात ज्यानं आपल्या वावरातल्या शंभर शेंगा सोलून तपासल्या असतील, त्याला जूनची बातमी सात महिने आधीच मिळाली असेल.

उपाय काय? पाऊस आपल्या हातात नाही, पण वावर निवडणं आहे. बियाण्यासाठी नाल्याकाठचा, पाणी साचणारा तुकडा धरू नका. उताराचा, मोकळ्या वाऱ्याचा अर्धा-एक एकर आधीच ठरवून खुणेचं लाकूड रोवा. फार लवकर येणारं वाण असेल तर ते सप्टेंबरच्या झडीत पिकतं, त्याचं बियाणं धरताना दहा वेळा विचार करा. शेंगा ९०-९५ टक्के वाळल्या की तो तुकडा सगळ्यात आधी सोंगा. इथं एक अडचण येते. सोंगणी गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, दिलेली असते, बाया सरसकट सोंगत जातात आणि सगळा माल एकाच गंजीत जातो. गुत्ता ठरवतानाच सांगून टाकायचं, "हा तुकडा येगळा, याची गंजी येगळी." माझ्या घरी हे काम बायको करते. माझ्या सांगण्यानं बाया ऐकत नाहीत.

गंजीच्या पोटात

सोंगलेलं सोयाबीन एक-दोन दिवस वावरात पसरून वाळू दिलं, की निम्मी बला टळते. पण आभाळ आलं की घाबरून आपण ओलंच उचलतो आणि गंजी लावून वर ताडपत्री गच्च बांधतो. आत काय होतं ते पाहायचं असेल तर तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात घाला. चटका बसतो. ओला पाला, ओल्या शेंगा श्वास घेत राहतात, उष्णता निघते, तिला बाहेर पडायला वाट नाही, बुरशीला याहून चांगलं घर नाही. वरून कोरडी, पिवळीधमक दिसणारी गंजी आत उकडलेली असते. हडंब्यातून सगळा माल एकत्र होतो आणि उकडलेले दाणे चांगल्यांत मिसळून जातात.

बियाण्याची गंजी लहान लावा, उंच लावू नका, खाली पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या किंवा लाकडं टाका. ताडपत्री पावसापुरती. ऊन पडताच उघडी करा. हडंब्याची पाळी यायला आमच्याकडं कधी कधी पंधरा-वीस दिवस लागतात. बियाण्यासाठी एवढं थांबण्यात अर्थ नाही. त्यासाठीच खालची गोष्ट.

हडंबा

माझं बहुतेक नुकसान इथं झालं होतं, आणि चार पुड्या बांधेपर्यंत मला ते माहीत नव्हतं. दुसरी पुडी ८७ आली होती आणि तिसरी ५९. दोन्हींत अंतर किती? एका सकाळचं.

हडंबा ट्रॅक्टरवर चालतो. त्याचा ढोल जितका जोरात फिरेल तितका माल लवकर निघतो आणि दाणाही तितकाच जोरात आपटतो. बियाण्यासाठी ढोलाचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या आसपास हवेत. पण मशीनवाल्याला पैसे मिळतात पोत्यामागं. मी एकदा फेरे कमी करायला सांगितलं तर तो म्हणाला, "काकाजी, मले पोत्यामागं पैसे भेटते. तुमच्या दोन पोत्यापायी मशीन हळू करू त दिवसाचं काय करू?" त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. मजुरीची पद्धतच अशी आहे, की बियाणं मोडण्यात त्याचा फायदा आणि जपण्यात तोटा. म्हणून बियाण्याच्या पोत्यांपुरता भाव वेगळा ठरवा. मी त्या दोन-तीन पोत्यांना दुप्पट देतो. दुबार पेरणीचं बियाणं, खत आणि ट्रॅक्टर यांच्यापुढं ते पैसे काहीच नाहीत.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. मळणीच्या वेळी दाण्यात १३-१४ टक्के ओल असली तर तो टोला सोसतो, थोडा लवचिक असतो. ऑक्टोबरच्या रखरखीत दुपारी तीन वाजता शेंग हातात घेतली की आपोआप फुटते. अशा वेळी दाणा काचेसारखा असतो, दहा टक्क्यांच्या खाली गेला की टरकतो. उलट सकाळच्या दवात ओलाकच्च माल टाकला तर दाणा तुटत नाही, चेपतो, आणि चेपलेला दाणा तर डोळ्यांना ओळखूही येत नाही. म्हणजे दव उतरल्यावर आणि दुपार तापायच्या आधी, ही आपली वेळ. मशीनवाला याच वेळी दुसऱ्याच्या वावरात असतो, हे वेगळं सांगायला नको.

मशीन चालू झालं की पहिलं पोतं बियाण्यात धरू नका. आधीच्या वावराचं वाण ढोलात, चाळण्यांत अडकलेलं असतं. दुसऱ्या पोत्याचे पाचएक किलो पडले की ओंजळभर दाणे घ्या आणि शंभर मोजा. त्यांत फुटके आणि सालगेलेले तीन-चारपेक्षा जास्त दिसले तर फेरे आणखी कमी करायला लावा. न दिसणारी तड पाहायची असेल तर घरातलं कपडे पांढरे करायचं ब्लीच पाण्यात थोडं मिसळा आणि त्यात शंभर अखंड दाणे टाका. साल तडकलेले दाणे दहा-पंधरा मिनिटांत फुगून दुप्पट होतात, धड दाणे जवळपास तसेच राहतात. दहाहून जास्त फुगले तर तो माल तेलाच्या गिरणीचा, बियाण्याचा नव्हे. हे दाणे नंतर जनावरापुढं टाकू नका.

आणि सगळ्यात चांगला उपाय सगळ्यात जुना आहे. तीन एकरांना एकरी ३० किलोनं ९० किलो बियाणं लागतं. निवड-चाळणीची तूट धरून सव्वा क्विंटल. एवढं सोयाबीन ताडपत्रीवर पसरून काठीनं बडवायला चार माणसांना दीड-दोन दिवस पुरतात. मी गेल्या काही वर्षांपासून हेच करतो. हडंब्याची पाळी लागत नाही, गंजी तापत नाही आणि कुटारही स्वच्छ मिळतं. दहा-पंधरा एकरवाल्याला हे जमणार नाही, त्याला फेऱ्यांचीच वाट.

वाळवताना

मळणी होऊन आलेला माल तसाच पोत्यात भरून ठेवू नका, एक रातही. ताडपत्रीवर दोन-तीन बोटं जाडीचा थर पसरा, दिवसातून तीन-चार वेळा पायानं नव्हे, लाकडी फावड्यानं परता. संध्याकाळी दाणे निवले की गोळा करून झाका, नाहीतर रात्रीच्या दवानं दिवसभराचं वाळवण पाण्यात. डांबरी रस्त्यावर वाळवू नका. वरून चाकं जातात हा एक भाग, पण दुपारचा डांबर दाण्याला भाजून काढतो. बियाण्याला चाळीस अंशांच्या वरची उष्णता सोसत नाही.

किती वाळवायचं? १० टक्क्यांपर्यंत नेता आलं तर उत्तम, १२ च्या वर बियाणं ठेवू नये. मोजायला मीटर नसेल तर बाजार समितीत किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडं मूठभर दाणे न्या. घरच्या घरी ढोबळ अंदाजाला कोरड्या काचेच्या बरणीत भाजून निवलेलं मीठ आणि दाणे घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ च्या वर आहे, वाळवण अजून बाकी. मीठ चिकटलं नाही म्हणून १० टक्के झाले असं मात्र नाही. दाताखाली धरल्यावर दाणा दबता कामा नये, कट् करून दोन तुकडे व्हायला हवेत.

इथं एक गफलत होते. २०२४ च्या हंगामात हमीभाव खरेदीसाठी सरकारनं ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली होती. काहींनी तेच मनात धरून १५ टक्क्यांचं बियाणं ठेवलं. विकायचा माल दोन महिन्यांत गिरणीत जातो, बियाण्याला मे महिना काढायचा असतो.

मे महिना

बीजशास्त्रात हॅरिंग्टन या तज्ज्ञाचा एक ढोबळ नियम आहे. बियाण्यातली ओल एक टक्का कमी केली की त्याचं आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. आता आपल्या घरात लावून पाहा. एकाचं बियाणं १२ टक्के ओलीचं, टिनाच्या माळ्यावर ४० अंशांत. दुसऱ्याचं १० टक्क्यांचं, मातीच्या भिंतीच्या खोलीत ३० अंशांत. ओलीमुळं चौपट, थंडाव्यामुळं चौपट, म्हणजे सोळा पट फरक. नियम ढोबळ आहे, सोळाचे बारा होतील, पण टिनाखाली पोतं ठेवायची हिंमत होणार नाही. यवतमाळ-अकोल्याच्या मे महिन्यात टिनाखाली काय होतं ते तिथं दुपारी अर्धा तास बसल्यावर कळतं.

पोती तागाची, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. थप्पी चार-पाच पोत्यांच्या वर नको, खालच्या पोत्यातला दाणा भारानं दबतो. पोतं उचलून ठेवायचं, फेकायचं नाही. हमालाला हे सांगताना तो हसतो, तरी सांगायचं. खताची आणि फवारणीच्या औषधाची पोती त्याच खोलीत नकोत.

प्लॅस्टिकचा ड्रम फार लोक वापरतात, "हवाबंद राहते" म्हणून. हवाबंद डब्यातल्या प्रमाणित सोयाबीनला नियमानुसार ओल ७ टक्क्यांच्या आत लागते, साध्या पोत्यात १२ चालते. यामागं कारण आहे. १२ टक्क्यांचा माल ड्रममध्ये कोंबला की उन्हाळ्यात तो आतल्या आत घामेजतो आणि ती ओल बाहेर जात नाही. घरच्या उन्हात ७ टक्क्यांपर्यंत वाळवणं सोपं नाही, म्हणून ड्रमच्या नादी लागू नका.

बाकीची धान्यं

भंडारा-गोंदियाकडं हेच दुखणं धानाचं. कापलेल्या कडपा बांधीतल्या पाण्यात भिजल्या किंवा पुंजणं, म्हणजे धानाची गंजी, ओलं रचलं, की लोंबीतच कोंब फुटतात. तिथं एक वेगळी फसगत आहे. ताज्या धानाला सुप्तावस्था असते. कापणीनंतर लगेच तपासलं तर चांगलं बियाणंही कमी उगवतं आणि माणूस ते विकून टाकतो. धानाची पुडी महिना-दीड महिन्यानं उघडा. सोयाबीनचं तसं नाही, ते लगेच तपासता येतं.

खरीप ज्वारी कणसात भिजली की दाणा काळा पडतो. ती कणसं बियाण्याला धरूच नयेत. हरभरा आणि गहू कोरड्या हवेत निघतात, त्यांची उगवण सहसा ओलीनं जात नाही. हरभऱ्याला, तुरीला भीती भुंगेऱ्याची. तुरीवर त्याची अंडी वावरातल्या पिकल्या शेंगेवरच येतात, म्हणून कोठार कितीही स्वच्छ असलं तरी कीड घरात येतेच. कडक वाळवून, किलोला पाच मिली खाद्यतेल चोळून ठेवलं तर बरंच निभावतं. धुरीच्या विषारी गोळ्या माणसं झोपतात त्या घरात ठेवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

आणि आता जूनच आला असेल तर

ऑक्टोबर गेला, चौथी पुडी हातात आहे आणि ती ७० च्या खाली आली. अशा वेळी एकरी ३० किलोतल्या ३० ला ७० नं गुणा आणि आलेल्या उगवणीनं भागा. ६५ आली तर एकरी साधारण ३२ किलो, ६० आली तर ३५. साठच्या खाली गेलेलं पेरू नका. एकरी बियाणं कितीही वाढवलं तरी त्यातली जिवंत रोपंही अशक्तच निघतात. पेरणी ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल नको, अशक्त दाण्याला वर यायला प्रत्येक बोट डोंगरासारखं असतं. दाणे पाण्यात भिजवून पेरायची चूक करू नका, ते ज्वारी-धानाला चालतं, सोयाबीनची साल हातात येते. थायरम हे बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम लावा, पण ताडपत्रीवर हलक्या हातानं घोळवून, भाकरीचं पीठ मळल्यासारखं चोळून नव्हे. औषध जिवंत दाण्याला मातीतल्या बुरशीपासून वाचवतं. मेलेल्याला उठवत नाही.

पेरून उरलेलं औषध लावलेलं बियाणं बाजारात नेऊ नका आणि ढेपेत मिसळून बैलाला घालू नका. आमच्या गावात एकानं ते घातलं होतं, गोऱ्हा वाचला ते नशीब. औषध न लावलेलं उरलं असेल तर लगेच विकून टाका. पुढच्या वर्षासाठी म्हणून ठेवलेल्या सोयाबीनची पाचवी पुडी मी एकदा बांधली होती. शंभरातले अकरा निघाले.